भट्टीच्या काठावरची शाळा

परवा धाकट्या भावाच्या लेकीचा फोन आला होता. बारावीचं वर्ष, त्यामुळं त्यांच्या घरात सध्या दुसरा विषय नाही. म्हणाली, "काका, मला न्यूक्लिअर इंजिनिअरिंग करायचंय. पण मुंबई-पुण्याच्या कॉलेजांच्या यादीत ती शाखाच सापडत नाही. मेकॅनिकल आहे, केमिकल आहे, टेक्स्टाइलसुद्धा आहे. आणि अणुभट्ट्या तर आपल्याकडं सत्तर वर्षं चालतायत ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली अणुभट्टी जिथं सुरू झाली त्या ट्रॉम्ब्यापासून माटुंग्याचं व्हीजेटीआय म्हणजे बसनं तासाभराचा रस्ता. तरी हा विषय त्या रस्त्यानं कधी कॉलेजात आला नाही. उलट कॉलेजातली पोरंच त्या रस्त्यानं ट्रॉम्ब्याला गेली. असं का झालं, याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय. नेहमीच्या वाचकांनी यातले घरगुती संदर्भ सांभाळून घ्यावेत, आणि घरच्यांनी भौतिकशास्त्र!

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. जगातली पहिली अणुभट्टी विद्यापीठातच पेटली होती. २ डिसेंबर १९४२ रोजी, शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखाली, स्क्वॉश खेळायच्या जागेत. एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफाइटच्या विटा आणि युरेनियम यांचा ढीग रचला होता. (त्या काळी अणुभट्टीला 'पाइल', म्हणजे ढीगच, म्हणत.) पण जागा विद्यापीठाची असली तरी त्यातलं ज्ञान विद्यापीठाचं नव्हतं. ते युद्धखात्याचं, कुलुपात ठेवलेलं. त्याच आवारात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या साध्या विद्यार्थ्याला आपल्या पायाखाली काय चाललंय याचा पत्ता नव्हता. या विषयाची पुढची सगळी कुंडली मला त्या एका दिवसात दिसते.

युद्ध संपलं आणि अडचण उभी राहिली. भट्टी कशी बांधायची हे माहीत असलेली माणसं मूठभर, आणि तीही आपापल्या विद्यापीठांत परतायच्या घाईत. टेनेसी राज्यातल्या ओक रिजला युद्धकाळात एक मोठी प्रयोगशाळा उभी राहिली होती, तिथली ग्राफाइटची भट्टी नोव्हेंबर १९४३ पासून चालू होती. १९४६ मध्ये युजीन विग्नर तिथं संशोधनप्रमुख म्हणून आले आणि त्यांनी चक्क एक शाळा काढली. शाळेची जबाबदारी फ्रेडरिक साइट्झ यांच्यावर. विद्यार्थी म्हणजे ठिकठिकाणांहून पाठवलेले शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर, आणि त्यांच्यात नौदलाचा एक ४६ वर्षांचा कॅप्टन. नाव हायमन रिकओव्हर. पुढं अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी बांधणारा तो हाच. त्या वयात हा गृहस्थ वर्गात बसून न्यूट्रॉनची गणितं सोडवत होता, हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल वेगळाच आदर आहे.

ही शाळा वर्षभरच चालली. पण १९५० मध्ये तिथंच जास्त पक्क्या पायावर 'ओक रिज स्कूल ऑफ रिअ‍ॅक्टर टेक्नॉलॉजी' सुरू झाली. वर्षभराचा अभ्यासक्रम, शिकवणारे प्रयोगशाळेतलेच, आणि आत शिरायचं तर सरकारी तपासणीतून पार पडावं लागे. विद्यापीठाची पदवी नाही. मुलं थट्टेनं म्हणत की आम्हाला 'डॉक्टर ऑफ पाइल इंजिनिअरिंग' ही पदवी मिळणार, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'डोप'! इथल्या व्याख्यानांतूनच ग्लासस्टोन आणि एडलंड यांचं अणुभट्टीच्या सिद्धांतावरचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं. (केमिस्ट्रीवाल्यांना ग्लासस्टोन हे नाव वेगळ्या कारणानं आठवेल. त्यांच्या फिजिकल केमिस्ट्रीच्या जाडजूड ग्रंथानं आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या पिढ्याच्या पिढ्या रडवल्या.)

मग विद्यापीठांचं काय? तिथं पहिलं दार उघडलं ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले गावी. तिथल्या स्टेट कॉलेजात क्लिफर्ड बेक नावाचे प्राध्यापक पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणून आले. ते आधी ओक रिजला काम केलेले. त्यांनी सरळ मागणी केली, आम्हाला आमच्या आवारात आमच्या मालकीची भट्टी हवी आणि तिच्यात गुप्त काही नको. ५ सप्टेंबर १९५३ ला ती भट्टी चालू झाली. पाण्यात विरघळवलेलं युरेनियमचं मीठ हेच तिचं इंधन, आणि ताकद १० किलोवॅटची. म्हणजे आपल्या बाथरूममधले पाच गीझर, बस्स! पण विद्यापीठाच्या मालकीची ती जगातली पहिली अणुभट्टी. लोक ती बघायला रांगा लावून येत. दोनेक वर्षांत गळती लागून ती बंद ठेवावी लागली, तरी तोवर काम झालं होतं. ज्या विषयाला कुलूप होतं तो विषय पहिल्यांदाच पदवीच्या वर्गात शिकवला जाऊ लागला. यंत्र ज्याचं, विद्या त्याची, असा हा मामला होता, आणि रॅलेच्या लोकांनी तो बरोबर ओळखला.

याच सुमाराला वारं फिरलं. ८ डिसेंबर १९५३ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं संयुक्त राष्ट्रांतलं 'शांततेसाठी अणू'चं भाषण झालं. १९५५ मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी शाळा उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरची मोठी परिषद भरली आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली माहिती धबधब्यासारखी बाहेर आली. परिषदेचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा.

आता आपल्याकडं येऊ.

भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी या माणसानं लिहिलंय की अणुशक्तीपासून वीज काढायची वेळ दोनेक दशकांत येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरात तयार असावेत. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. पत्रात पैसा आहे, संस्था आहे, पण मुख्य काळजी माणसांची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण माणसं कुठं घडवायची? याच प्रश्नावर कलकत्त्यात दुसरा एक मोठा माणूस वेगळं बोलत होता. मेघनाद साहा. त्यांनी १९४० मध्येच कलकत्ता विद्यापीठाच्या एम.एस्सी.ला अणुकेंद्रविज्ञान घातलं होतं. सायक्लोट्रॉन हे यंत्र उभारायला घेतलं, त्यालाही टाटांचेच पैसे होते. युद्धात त्याचे काही भाग घेऊन येणारं जहाज बुडालं, आणि मग ते यंत्र वर्षानुवर्षं रखडलं. १९५० च्या जानेवारीत त्यांच्या अणुकेंद्रविज्ञान संस्थेचं उद्घाटन इरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झालं. ही संस्था विद्यापीठाच्या अंगणातली. बघा, एकाच विषयाची दोन बाळं, एक मुंबईत एक कलकत्त्यात, आणि दोघांचं पालनपोषण किती वेगळं!

१९४८ मध्ये अणुऊर्जेचा कायदा आला, अणुऊर्जा आयोग नेमला गेला. साहांना घाई मान्य नव्हती. आधी विद्यापीठं भक्कम करा, माणसं तयार करा, उद्योगांचा पाया घाला, असा त्यांचा धोशा. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि १० मे १९५४ च्या चर्चेत त्यांनी गुप्ततेवर कडक टीका केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा हे थेट पंतप्रधानांच्या हाताखालचं स्वतंत्र खातं झालं. म्हणजे निकाल काय लागला ते कळलंच. फेब्रुवारी १९५६ मध्ये दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडं जाताना साहा रस्त्यातच कोसळले आणि गेले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ४ ऑगस्ट १९५६ ला, ट्रॉम्ब्याला 'अप्सरा' चालू झाली. इंधन ब्रिटनचं, बाकी बरंचसं इथंच घडवलेलं. पोहण्याच्या तलावासारखा पाण्याचा हौद, त्यात टांगलेल्या इंधनकांड्या. आणि चालू असताना पाण्यात दिसणारा तो निळा प्रकाश. नाव नेहरूंनी ठेवलं, ते त्या निळाईमुळंच सुचलं असणार.

यंत्र आलं, म्हणजे शाळाही तिथंच निघणार. ऑगस्ट १९५७ मध्ये ट्रॉम्ब्याचं ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. उभारणी राजा रामण्णांची. देशभरातून ताजे पदवीधर निवडायचे. इंजिनिअर, भौतिकवाले, रसायनवाले, जीवशास्त्रवाले, धातुशास्त्रवाले सगळे. त्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचं, धडाधड परीक्षा घ्यायच्या, आणि पास झाला की खात्यात नोकरी पक्की. घाट ओळखीचा वाटतो ना? वर्षभराचा कोर्स, प्रयोगशाळेतलेच शिक्षक, पदवी नाही. ओक रिजशी साम्य उघड आहे. फरक एवढाच की ओक रिजची शाळा १९६५ मध्ये बंद झाली, कारण तोवर अमेरिकन विद्यापीठांनी हा विषय उचलला होता. ट्रॉम्ब्याची चालूच राहिली, कारण आपल्या विद्यापीठांनी तो उचलला नाही. उचलणार कसा? भट्टी कुठं होती त्यांच्याकडं?

आता मामा. घरच्यांना नव्यानं सांगायला नको, बाकीच्यांसाठी : माझा मामा १९६१ च्या तुकडीतला. मिरजेचा मुलगा, इंजिनिअर झालेला, घराण्यातला पहिला. ट्रॉम्ब्याचं पत्र आलं तेव्हा आजीला 'ट्रेनिंग स्कूल' एवढंच कळलं आणि तिनं धसकाच घेतला. "इंजिनिअर झाल्यावर परत शाळेत? नापास झालायस की काय खरं सांग." पुढं कित्येक वर्षं गल्लीत ती सांगायची की थोरला मुंबईला सरकारी नोकरीत आहे. कसली नोकरी ते तिला माहीत नव्हतं आणि मामाही फारसं बोलायचा नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या त्या वर्षाच्या सहा वह्या मामीनं माझ्याकडं दिल्या आहेत.

वह्या इंग्रजीत, अक्षर टपोरं. भट्टीची भौतिकी, धातूंवर किरणोत्सर्गाचा परिणाम, उष्णतेचं वहन, आणि किरणोत्सर्गापासून माणसाला सांभाळण्याचं शास्त्र. समासात मात्र मराठी. 'नाष्टा ५५ न.पै.', 'आईस मनिऑर्डर', आणि एका अवघड समीकरणाशेजारी नुसतंच 'अरे देवा'.

तिसऱ्या वहीत एक आलेख आहे, त्यासाठी खरं तर हा सगळा लेख. भट्टी पहिल्यांदा चालू करताना इंधन एकदम घालत नाहीत. थोड्या कांड्या घालायच्या, न्यूट्रॉनचा एक लहानसा उगम जवळ ठेवायचा, आणि मोजणीयंत्रावर किती टकटक होते ते मोजायचं. आणखी कांड्या घातल्या की टकटक वाढते. आता गंमत अशी की ती टकटक जशीच्या तशी आलेखावर मांडली तर रेघ वर वर पळत सुटते आणि काहीच कळत नाही. म्हणून उलटं करायचं, एक भागिले टकटक. ही रेघ खाली उतरत येते. ती जिथं शून्याला टेकणार, तितक्या कांड्यांना साखळी आपली आपण चालू राहणार, भट्टी 'क्रिटिकल' होणार. म्हणजे तिथं न पोचताच, दर पायरीला थांबून, पुढचा उंबरठा कुठं आहे ते आधी ओळखायचं. मामाच्या आलेखात बिंदू सरळ रेषेत नाहीत. सुरुवातीला रेघ जरा फुगलेली, मग झपकन खाली. खाली मराठीत लिहिलंय : 'जितके जवळ जावे तितका वेळ अधिक. घाई करणाराचे काम नोहे.' खरंच आहे ते, उंबरठ्याजवळ आलं की टकटक स्थिर व्हायलाच वेळ लागतो, थांबावंच लागतं.

हे पुस्तकात आहेच. पण मामा सांगायचा की पुस्तकात वाचताना हाताला घाम येत नाही.

दुसरी एक गोष्ट तो जेवणाच्या पंगतीत सांगायचा. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन लगेच बाहेर पडतात, पण हजारातले सहा-सात जरा रेंगाळतात. काही सेकंद, कधी मिनिटभर सुद्धा. बाकीचे सगळे इतके चपळ की नुसत्या त्यांच्यावर भट्टी चालवायची तर माणसाचा हात कांडीपर्यंत पोचायच्या आत खेळ आटोपेल. या रेंगाळणाऱ्यांमुळं भट्टी सावकाश तापते, सावकाश निवते, आणि माणसाला आवरता येते. जेवायला उशिरा येणाऱ्या पोराला मामा कधी ओरडायचा नाही, "बस, तुझ्यासारख्यांच्या जिवावर आम्ही जगलो," म्हणायचा. आम्हाला वाटायचं हा नुसता विनोद करतोय...

असो. मुद्द्याची गोष्ट अशी की ट्रॉम्ब्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात मामाला त्याच्याच कॉलेजात लेक्चररची जागा सांगून आली होती. तो मुंबईला गेला. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? पगार चांगला, काम नवं, देश नवा. पण दरवर्षी, देशभरातून, प्रत्येक कॉलेजातली अशी निवडक मुलं त्या दिशेला गेली. व्हीजेटीआयमधून अनिल काकोडकर १९६३ मध्ये बाहेर पडले ते तिथंच गेले, पुढं अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरकडच्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याच शाळेत आले, आणि पुढं त्यांनी आयुष्य कल्पाक्कमच्या जलद प्रजनक भट्ट्यांना दिलं. ही मोठी नावं. यांच्यातला कोणी पुण्यात किंवा सांगलीत प्राध्यापक झाला असता तर? हा प्रश्न विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

भाभांनी तो विचारला नव्हता असं नाही. ७ जानेवारी १९६६ ला मुंबईत, जगभरच्या वैज्ञानिक संघटनांच्या प्रतिनिधींपुढं, त्यांनी केलेलं भाषण वाचण्यासारखं आहे. सरकारी प्रयोगशाळा उभारताना विद्यापीठांतले तयार प्राध्यापक उचलून आणले तर विद्यापीठं खिळखिळी होतात, आम्ही तसं केलं नाही, आम्ही आमची माणसं रोपापासून वाढवली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मुद्दा खोटा नाही. त्यांनी आजचे प्राध्यापक नेले नाहीत. पण उद्याचे नेले, असं मला वाटतं. त्यावर त्यांचं काय उत्तर होतं ते कळायला मार्ग नाही, कारण त्या भाषणानंतर सतराच दिवसांनी माँ ब्लांकवर त्यांचं विमान कोसळलं.

मग भाभा चूक आणि साहा बरोबर? एवढं सोपं नाही. १८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडानं सहकार्य थांबवलं. राजस्थानातल्या रावतभाट्याचा दुसरा संच अर्धवट पडलेला. तो आपल्या माणसांनी पुरा केला, १९८१ मध्ये त्यातून व्यापारी तत्त्वावर वीज निघू लागली. ही माणसं बव्हंशी त्या एका वर्षाच्या शाळेतून आलेली. विद्यापीठांच्या भरवशावर बसलो असतो तर कुठली समिती अजून अभ्यासक्रमाचा मसुदा करत बसली असती! आपल्या विद्यापीठांचा कारभार ज्यानं जवळून पाहिलाय तो माझ्याशी वाद घालणार नाही.

पण साहांचा मुद्दा मला पुन्हा आठवला तो २०११ मध्ये. जैतापूरचं रण पेटलं होतं. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सशी करार, मार्चमध्ये फुकुशिमा, एप्रिलमध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तिकडचं, आंब्याची बाग. त्यांनी मला विचारलं, "यातलं खरं कुणाला विचारायचं?" आणि मला उत्तर देता येईना. खात्याचे तज्ज्ञ आहेत, त्यांना ज्ञान आहे पण ते खात्याचे आहेत. आंदोलनवाले आहेत, ते आपल्या बाजूचे आहेत पण भट्टी त्यांनी पाहिलेली नाही. तिसरा माणूस हवा होता. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या कॉलेजात अणुभट्टीचं शास्त्र शिकवणारा, कुणाचाही मिंधा नसलेला, धोतर सावरत गावच्या चावडीवर येऊन फळ्यावर काढून दाखवणारा एखादा मास्तर. (धोतर माझी हौस, पॅन्टही चालेल.) धरणाबद्दल, पुलाबद्दल, खताबद्दल असा मास्तर आपल्याकडं जिल्ह्याजिल्ह्यात मिळतो. अणूबद्दल जवळजवळ नाही. सगळं ज्ञान एका कुंपणाच्या आत. साहा लोकसभेत गुप्ततेवर बोलत होते तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसत होतं की नाही कोण जाणे, पण मला ते भाषण आता तसंच ऐकू येतं.

विद्यापीठात विषय गेला की सगळं छान होतं असंही नाही हं. ब्रिटनमध्ये क्वीन मेरी कॉलेजाची स्वतःची भट्टी होती, इंपीरियल कॉलेजाचीही. पहिली ऐंशीच्या दशकात गेली, दुसरी २०१२ मध्ये थांबली. मुलं येईनात, उद्योग मंदावला, आणि २००२ च्या सुमाराला अशी अवस्था की या विषयाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम त्या देशात उरला नव्हता. ज्या देशानं अप्सरेला इंधन दिलं त्या देशात! बाजार फिरला की विद्यापीठ विषय सोडून देतं. ट्रॉम्ब्याच्या शाळेला बाजाराची फिकीर नव्हती, तुकड्यांमागून तुकड्या निघत राहिल्या.

आपल्याकडं कुंपण थोडं थोडं सैल झालंय. १९९० च्या सुमाराला इंदूरला एक संस्था निघाली, तिच्यामार्फत विद्यापीठातल्या संशोधकांना ट्रॉम्ब्याच्या 'ध्रुव' भट्टीवर प्रयोग करता येऊ लागले. २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ झालं आणि ट्रेनिंग स्कूलच्या मुलांना पुढं प्रकल्प करून एम.टेक. घेता येऊ लागलं. म्हणजे विषय विद्यापीठात गेला नाही, विद्यापीठच विषयाकडं आलं. २००७ मध्ये कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खातं यांनी मिळून मूलभूत विज्ञानाचं केंद्र काढलं. आयआयटी कानपूरला एम.टेक. गेली कित्येक दशकं आहे. एक-दोन खाजगी विद्यापीठांनी अणुकरारानंतर बी.टेक.ही काढलं.

तेव्हा पोरी, तुझ्यासाठी व्यवहाराचं एवढंच : आधी मेकॅनिकल किंवा केमिकल नीट कर, किंवा भौतिकीत एम.एस्सी. कर, मग ट्रॉम्ब्याच्या परीक्षेला बस. अजूनही हमरस्ता तोच आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट सांगितलंय. ते गाठायचं तर माणसं एका शाळेत मावणार नाहीत, आणि कॉलेजांत तुला शिकवायला माणसं लागतील. आपल्या विद्यापीठांच्या आवारात आजही एकही अणुभट्टी नाही. रॅलेला मात्र आहे. त्या पहिल्या दहा किलोवॅटवालीची नात म्हणावी अशी एक मेगावॅटची, १९७२ पासून चालू, आणि पदवीची मुलं तिच्या काठावर उभी राहून शिकतात.

मामा निवृत्त झाल्यावर काही वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जायचा. ऐच्छिक विषय, पंधरा-वीस मुलं. भट्टी नाही, मोजणीयंत्र नाही, फक्त फळा. तो तिसऱ्या वहीतला आलेख घेऊन जायचा. त्याच्या झेरॉक्स काढायचा, पण शेवटचे दोन बिंदू झाकून. मुलांनी पट्टी लावून सांगायचं, कितव्या कांडीला भट्टी क्रिटिकल होईल. एकेकाचं उत्तर वेगळं यायचं, कुणाचं दोन कांड्या अलीकडं, कुणाचं चार कांड्या पलीकडं. सगळी उत्तरं फळ्यावर लिहून झाली की मामा खडू खाली ठेवायचा आणि विचारायचा, "बरं, आता पुढची कांडी कोण टाकतंय?"

वर्गात एकही हात वर व्हायचा नाही. हे तो घरी येऊन फार कौतुकानं सांगायचा.